परदेशात घर, कोथरूडला फ्लॅट: वारसा कर आणि दोन मृत्युपत्रांची भानगड

६ एप्रिल २०२५ पासून ब्रिटनने वारसा कराचा नियम मुळापासून बदलला. तेव्हापासून हॅरो, स्लाऊ, मिल्टन कीन्स अशा ठिकाणच्या मराठी मंडळींत एकच प्रश्न फिरतोय, की आमच्या कोथरूडच्या फ्लॅटवर पण आता इथलं सरकार ४० टक्के लावणार का. उत्तर आहे, हो, लावू शकतं. न्यू जर्सीतलं घर तसंच ठेवून कायमचे पुण्याला परत आलेल्यांचा प्रश्न बरोब्बर उलटा आहे आणि खरं तर जास्त महाग पडणारा आहे, पण त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आणि दुबईत फ्लॅट घेतलेले लोक तर 'तिथे टॅक्सच नाही' म्हणून निवांत असतात.

मी वकील नाही की सीए नाही, पण घरातल्या आणि ओळखीतल्या अशा फायलींत बराच वेळ डोकं घातलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. लोक कराला घाबरतात तेवढे कागदांना घाबरत नाहीत, आणि पुढच्या पिढीचं जास्त नुकसान कागदांमुळेच होतं. खाली कराबद्दल बरंच आहे, पण मृत्युपत्राचा भाग सोडू नका.

आधी तीन प्रश्न वेगळे करा

माणूस गेला की त्याच्या घराबद्दल तीन प्रश्न उभे राहतात आणि आपण ते एकाच वाक्यात कोंबतो म्हणून गोंधळ होतो. घर कोणाला मिळणार? सरकार त्यातलं किती घेणार? आणि कोणता कागद दाखवला की घर नव्या माणसाच्या नावावर चढणार?

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा घर जिथे उभं आहे तिथला कायदा देतो. स्लाऊच्या घराला इंग्लंडचा, कोथरूडच्या फ्लॅटला भारताचा. तुमचा पासपोर्ट कुठला, तुम्ही शेवटचा श्वास कुठे घेतला याने फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे कराचं, तसं नाही. तिथे घर कुठे आहे हेही बघतात आणि तुम्ही कुठले रहिवासी होता हेही बघतात, त्यामुळे एकाच घरावर दोन देश हक्क सांगू शकतात.

दोन शब्द एकदाच समजून घेऊ. मृत्युपत्र म्हणजे माझ्यामागे काय कोणाला द्यायचं ते लिहून ठेवलेला कागद, काही जण त्याला इच्छापत्र म्हणतात. प्रोबेट म्हणजे 'हे मृत्युपत्र खरं आहे आणि अमुक माणसाला त्याप्रमाणे वाटप करायचा अधिकार आहे' असा कोर्टाचा शिक्का. इंग्लंड-अमेरिकेत मयताच्या एकट्याच्या नावावर घर असेल तर बहुतेक वेळा या शिक्क्याशिवाय ते विकता येत नाही.

आता कर कसा लागतो ते. लग्नाची पंगत बसलीये असं समजा. एक प्रकार म्हणजे वाढण्याआधीच पातेल्यातून सरकारचा वाटा काढून ठेवायचा आणि उरलेलं वाढायचं. दुसरा म्हणजे आधी सगळ्यांना वाढायचं आणि मग एकेकाच्या ताटातून, नातं बघून, कमीजास्त उचलायचं. ब्रिटन पातेल्यातून काढतं. अमेरिकेचं केंद्र सरकारही पातेल्यातूनच काढतं. पण न्यू जर्सी राज्य ताटातून उचलतं, म्हणजे बायको, मुलं, नातवंडं, आईवडील यांच्या ताटाला हात लावत नाही आणि भावाच्या किंवा पुतण्याच्या ताटातून मात्र घेतं. ज्यांना मूलबाळ नाही आणि घर पुतण्याला द्यायचंय त्यांनी हे लक्षात ठेवावं.

भारतात असा करच नाही ना? मग आपल्याला काय?

भारतात नाही हे बरोबर. पूर्वी होता, १९५३ चा इस्टेट ड्यूटी कायदा, आणि त्याचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. विश्वनाथ प्रताप सिंग अर्थमंत्री असताना मार्च १९८५ मध्ये तो बंद झाला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसा कराबद्दल बोलले आणि 'आता इथे पण येणार' म्हणून आठवडाभर नुसता धुरळा उडाला होता, आलं काही नाही. त्यामुळे आजच्या घडीला आजोबांचं घर नातवाला मिळालं तर भारत सरकार त्या मिळण्यावर एक पैसा घेत नाही. पुढे ते विकलं की नफ्यावर कर लागतो, तो वेगळा विषय, शेवटी येतो त्यावर.

पण भारतात कर नाही म्हणून दुसरा देश हात आखडता घेत नाही. त्याचं गणित त्याच्या वहीत चालतं.

ब्रिटन: दहा वर्षं राहिलात की सगळं जग मोजतात

पूर्वी ब्रिटनमध्ये डोमिसाइल बघायचे, म्हणजे तुमचं खरं मूळ घर कुठलं, शेवटी परत कुठे जायचं मनात आहे. मनात काय आहे हे सिद्ध करण्यावर वकिलांची घरं चालायची. 'आम्ही शेवटी साताऱ्यालाच जाणार' असं म्हणणाऱ्या कितीतरी लोकांची भारतातली मालमत्ता बरीच वर्षं त्या आधारावर बाहेर राहत होती.

आता सरळ मोजणी आहे. मागच्या २० करवर्षांपैकी १० वर्षं तुम्ही ब्रिटनचे कर-रहिवासी असाल तर तुमची जगभरातली मालमत्ता वारसा कराच्या हिशोबात येते. कोथरूडचा फ्लॅट, वाईची जमीन, बँकेतल्या ठेवी, लॉकरमधलं सोनं, सगळं. आणि देश सोडून आलात म्हणून लगेच सुटका नाही, १० ते १३ वर्षं राहिला असाल तर पुढची ३ वर्षं ही शेपटी मागे राहते, १५ वर्षं राहिला असाल तर ५, आणि २० किंवा जास्त राहिला असाल तर पूर्ण १० वर्षं. म्हणजे वीस वर्षं लेस्टरला काढून कोणी कोल्हापूरला परत आलं आणि सातव्या वर्षी गेलं, तर कोल्हापूरच्या बंगल्याचा हिशोब लंडनला द्यावा लागू शकतो.

किती लागतो? प्रत्येकाला ३,२५,००० पौंडांची सूट आहे, त्यावर ४० टक्के. ही रक्कम २००९ पासून जागची हललेली नाही आणि आता २०३१ पर्यंत हलणारही नाही, घरांच्या किमती मात्र हलल्या. राहतं घर थेट मुलाबाळांना जात असेल तर अजून १,७५,००० ची सूट मिळते. नवरा-बायकोला एकमेकांची न वापरलेली सूट घेता येते, त्यामुळे दुसरा जोडीदार जाईपर्यंत एकत्र मिळून १० लाख पौंडांपर्यंत जाता येतं.

आकडे घालून बघू. समजा एका जोडप्याचं स्लाऊला ७ लाख पौंडांचं घर आहे, दीड लाखाची शिल्लक आहे. एकूण साडेआठ लाख, कर शून्य. आता त्यात कोथरूडचा फ्लॅट १,७०,००० पौंडांचा आणि वाईची जमीन ५०,००० ची धरा. एकूण झाले १०,७०,०००. वरच्या ७०,००० वर ४० टक्के म्हणजे २८,००० पौंड. जी जमीन गेली तीस वर्षं कोणी बघितली पण नाही तिच्यामुळे पोरांना हा भुर्दंड. आणि एप्रिल २०२७ पासून न वापरलेली पेन्शनची रक्कमही यात धरणार आहेत. पेन्शनमध्ये ३ लाख पडून असतील तर अजून १,२०,००० पौंड. मला विचाराल तर ब्रिटनमधल्या नोकरदार मराठी घरांना कोथरूडच्या फ्लॅटपेक्षा हा पेन्शनचा बदल जास्त बसणार आहे.

नवरा-बायकोत कर नाही असं सर्रास सांगितलं जातं, पण त्यात एक खोच आहे. नवरा वीस वर्षं ब्रिटनमध्ये आणि बायको सासूसासऱ्यांसाठी पुण्यातच राहिली असेल तर तिला मिळणाऱ्या मालमत्तेवरची ही जोडीदाराची सूट ३,२५,००० पौंडांवर थांबते. अशी घरं आपल्यात कमी नाहीत.

आणि उलट बाजू, म्हणजे तुम्ही कायम पुण्यातच, पण मुलाच्या शिक्षणाच्या वेळी लंडनला एक फ्लॅट घेऊन ठेवलाय. मग फक्त ब्रिटनमधली मालमत्ता मोजतात, पण ती मोजतातच. कंपनीच्या नावावर घेतला तर वाचतो असं काही एजंट अजून सांगतात. ती पळवाट राहत्या घरांसाठी एप्रिल २०१७ ला बंद झाली.

१९५६ चा एक जुना करार

भारत आणि ब्रिटन यांच्यात मृत्यूनंतरच्या कराबद्दल १९५६ चा करार आहे. भारताने आपला कायदा १९८५ ला गुंडाळला तरी हा करार अजून जिवंत आहे. त्याचा गाभा असा, की मयत माणसाचं डोमिसाइल भारतात असेल, आणि त्याची ब्रिटनबाहेरची मालमत्ता ब्रिटिश कायद्याखाली केलेल्या मृत्युपत्रातून जात नसेल, तर ब्रिटनने त्या मालमत्तेवर हा कर लावायचा नाही. नवीन नियम आल्यावरही करार उभा आहे, फक्त डोमिसाइलची जुनी मारामारी इथे परत आली. पंचवीस वर्षं तिथे राहून, ब्रिटिश पासपोर्ट घेऊन, तिथेच दफन-दहनाची सोय लिहून ठेवलेल्या माणसाला 'माझं डोमिसाइल भारत' म्हणणं अवघड जाईल. पण नोकरीसाठी गेलेला, ओढ इकडची, परत यायची तयारी कागदोपत्री दिसते अशा माणसाला हे दार उघडं आहे.

यातली 'ब्रिटिश कायद्याखालच्या मृत्युपत्रातून जात नसेल' ही अट नीट वाचा. लंडनच्या वकिलाकडून एकच मृत्युपत्र करून त्यात कोथरूडचा फ्लॅटही घातला तर करारातला फायदा आपण आपल्या हाताने घालवू शकतो. या करारासाठी वकिलाकडे जाल तेव्हा तो भारत-ब्रिटन दोन्हीकडचं बघणारा असेल असं बघा, नेहमीच्या घरखरेदीच्या वकिलाला याची कल्पना असेलच असं नाही.

अमेरिका: दीड कोटी डॉलरची सूट, आणि परत आलात तर साठ हजार

अमेरिकेत नागरिकाला किंवा कायमचं तिथे राहणाऱ्याला २०२६ मध्ये १ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत सूट आहे. एवढी मालमत्ता कोणाची असते, त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये या कराने कोणाची झोप उडत नाही.

पण ग्रीन कार्ड परत करून जे बाणेरला स्थायिक झाले आणि घर भाड्याने देऊन ठेवलंय, त्यांची सूट फक्त ६०,००० डॉलर. छापायची चूक नाहीये, साठ हजारच, आणि ती महागाईप्रमाणे वाढतही नाही. जे कधी अमेरिकेला राहिलेच नाहीत पण तिथे गुंतवणूक आहे त्यांनाही हेच. समजा घर ६ लाख डॉलरचं आहे, कर्ज फिटलंय. अमेरिकेच्या तक्त्याप्रमाणे कर होतो १,७९,८०० डॉलर. नऊ महिन्यांच्या आत फॉर्म भरून पैसे द्यायचे. भारत आणि अमेरिकेत या कराबद्दल करार नाही, त्यामुळे ब्रिटनसारखं मागचं दारही नाही.

अजून एक गोष्ट जी घर नसलेल्यांनाही लागू होते. पुण्यात बसून ॲपवरून अमेरिकन कंपन्यांचे शेअर घेतलेत ना, ॲपल वगैरे, ते पण अमेरिकेतली मालमत्ता म्हणूनच धरतात. नुसती बँकेतली ठेव सहसा धरत नाहीत. का असं, ते त्यांनाच माहीत, पैसे तिकडे राहावेत म्हणून असेल.

जोडीदाराचं इथेही वेगळंच. अमेरिकेत नवरा-बायकोला अमर्याद सूट आहे, पण मागे राहणारा जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तर. नसेल तर खास ट्रस्ट करावा लागतो. दोघं भारतीय पासपोर्टवर बाणेरला असतील तर ही सूट आपोआप मिळत नाही.

म्हणून परत येणाऱ्यांना मी तरी हेच सांगतो की ग्रीन कार्ड परत करण्याआधी घराचं काय करायचं ते ठरवा. विकायचं की ठेवायचं हा भाड्याच्या उत्पन्नाचा प्रश्न म्हणून लोक बघतात. पण तो या कराचाही प्रश्न आहे. ठेवायचंच असेल तर कराच्या रकमेएवढा टर्म इन्शुरन्स हा एक साधा उपाय आहे, म्हणजे निदान कर भरायला घाईत घर फुंकावं लागत नाही.

दुबई: कर नाही, पण किल्ली कोणाकडे?

दुबईत वारसा कर नाही हे खरंय. सिंगापूरने २००८ ला बंद केला, ऑस्ट्रेलियाने तर सत्तरच्या दशकाच्या शेवटीच केला. कॅनडात वारसा कर नाही पण माणूस जाताना त्याने सगळं बाजारभावाने विकलं असं धरून नफ्यावर कर लावतात, राहतं घर सोडून. म्हणजे टोरोंटोत बसून कोथरूडचा फ्लॅट असेल तर तिथे हिशोब लागतो.

दुबईचा प्रश्न वेगळाय. पूर्वी मृत्युपत्र नसेल तर तिथली कोर्टं शरियतप्रमाणे वाटे पाडू शकायची. १ फेब्रुवारी २०२३ पासून मुस्लिमेतरांसाठी वेगळा कायदा आला, त्यात मृत्युपत्र नसेल तर अर्धं जोडीदाराला आणि अर्धं मुलांना, मुलगा-मुलगी समान. वाईट नाही. पण कोर्टाचा हुकूम येईपर्यंत खाती गोठतात, आणि पुण्यात केलेलं मराठी मृत्युपत्र तिथे चालवायचं म्हणजे साक्षांकन, अरबी भाषांतर, परत साक्षांकन. त्यापेक्षा डीआयएफसीच्या (दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटर) नोंदणी केंद्रात इंग्रजीत मृत्युपत्र नोंदवता येतं, २०१५ पासून ती सोय आहे. दुबईत फ्लॅट घेताना पार्किंग आणि फर्निचरवर खर्च करणारे यावर खर्च करत नाहीत.

एक ओळ जी सगळं उडवते

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक मृत्युपत्रात, वकिलाच्या संगणकात असलेल्या नमुन्यातून आलेली, एक ओळ असते: 'यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे याद्वारे रद्द करत आहे.' इंग्रजीतल्या नमुन्यातही तीच असते.

आता बघा काय होतं. कोणीतरी २०१६ ला इंग्लंडमध्ये व्यवस्थित मृत्युपत्र केलं, स्लाऊचं घर बायकोला, मग मुलांना, विश्वस्त वगैरे सगळं. २०२३ ला दिवाळीत पुण्याला आले, भावाने ओळखीच्या वकिलाकडे नेलं, कोथरूडच्या फ्लॅटचं दोन पानी मृत्युपत्र केलं, सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलं, पेढे खाल्ले. त्या दोन पानांत ती ओळ होती. झालं, इंग्लंडचं मृत्युपत्र रद्द. त्या दोन पानांत स्लाऊच्या घराचा उल्लेख नाही म्हणजे ते घर आता मृत्युपत्राविना. कोणाला कळत पण नाही, जोवर माणूस जात नाही.

उपाय फुकटचा आहे. प्रत्येक देशातल्या घरासाठी वेगळं मृत्युपत्र करा, आणि प्रत्येकात स्पष्ट लिहा की हे फक्त अमुक देशातल्या मालमत्तेपुरतं आहे आणि फक्त त्या देशातल्या मालमत्तेबद्दलची आधीची मृत्युपत्रं रद्द करतो, बाकीची कायम. 'माझी जगभरातली सर्व मालमत्ता' असले शब्द कुठेही नकोत. दोन्हीकडच्या वकिलांना एकमेकांचा मसुदा दाखवा. कर लागला तर तो कोणाच्या वाट्यातून भरायचा तेही लिहा, नाहीतर फ्लॅट मिळालेली बहीण आणि घर मिळालेला भाऊ यांच्यात त्यावरून बोलणं बंद होतं.

साक्षीदारांचंही बघा. दोन्हीकडे दोन साक्षीदार लागतात. इंग्लंडमध्ये साक्षीदाराला किंवा त्याच्या नवरा-बायकोला मृत्युपत्रातून काही दिलं असेल तर ते देणं बाद होतं, म्हणून घाईत जावयाची सही घेऊ नका. आणि इंग्लंडमध्ये लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र सहसा रद्द होतं, त्यामुळे दुसरं लग्न करणाऱ्यांनी नवीन करायलाच हवं. भारतात नोंदणी सक्तीची नाही. नोंदवलेलं मृत्युपत्र म्हणजे दगडावरची रेघ असंही नाही, नंतर साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर केलेलं दुसरं मृत्युपत्र त्याला मागे टाकतं.

मृत्युपत्रच केलं नाही तर? जाईल की बायकोलाच

हा सगळ्यात मोठा गैरसमज. समजा स्लाऊचे तेच गृहस्थ मृत्युपत्र न करता गेले. मागे बायको, दोन मुलं आणि साताऱ्याला आई.

कोथरूडचा फ्लॅट त्यांचा स्वतःचा कमावलेला, त्याला हिंदू वारसा कायदा १९५६. बायको, दोन मुलं आणि आई, चौघांना प्रत्येकी पाव वाटा. स्लाऊचं घर त्यांच्या एकट्याच्या नावावर असेल तर इंग्लंडचा कायदा. पहिले ३,२२,००० पौंड आणि घरातल्या वस्तू बायकोला, उरलेल्याचं अर्धं बायकोला, अर्धं मुलांना. आईला तिथे काही नाही. एकाच माणसाची एकच आई, एका घरात पाव मालकीण आणि दुसऱ्यात कोणीच नाही. आणि पुढे त्या आई गेल्या की त्यांचा कोथरूडमधला पाव वाटा त्यांच्या सगळ्या वारसांना, म्हणजे गृहस्थांच्या भावाबहिणींनाही. इतक्या सह्या गोळा करून फ्लॅट विकायचा म्हणजे काय होतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

'सोसायटीत नॉमिनी लावलाय' हे उत्तर पुरत नाही. नॉमिनी हा सांभाळणारा, मालक ठरवणारा कागद तो नाही. 'माझ्याकडे मुखत्यारपत्र आहे' हेही नाही, माणूस गेला की त्याच क्षणी ते संपतं.

घर दोघांच्या नावावर आहे, मग काय प्रश्न?

इंग्लंडमध्ये दोघांच्या नावावर असण्याचे दोन प्रकार आहेत. एकात एक गेला की दुसरा आपोआप पूर्ण मालक, मृत्युपत्रात काही लिहिलं असो नसो. दुसऱ्यात प्रत्येकाचा हिस्सा वेगळा आणि तो मृत्युपत्राप्रमाणे जातो. आपलं कुठलंय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, घराच्या नोंदीचा उतारा काढून बघावं लागतं. पुण्यातल्या करारनाम्यावर दोन नावं असली तरी एकाचा हिस्सा आपोआप दुसऱ्याला जात नाही, तो वारसांना जातो. आणि अमेरिकेत जोडीदार तिथला नागरिक नसेल तर नुसतं नाव असून भागत नाही, त्याने घरात स्वतःचे किती पैसे घातले हे दाखवावं लागतं, नाहीतर कर लावताना पूर्ण घर गेलेल्या माणसाचं धरतात.

जिवंतपणीच मुलांच्या नावावर करून टाकतो

ब्रिटनमध्ये देऊन सात वर्षं जगलात तर बहुतेक बक्षीस कराच्या बाहेर जातं. पण घर मुलाच्या नावावर करून तुम्ही तिथेच फुकट राहत असाल तर ते दिलंच नाही असं धरतात, सात काय सतरा वर्षं झाली तरी. अमेरिकेत परदेशी माणसाने तिथलं घर बक्षीस दिलं तर गिफ्ट टॅक्स वेगळा बसतो. शिवाय सगळं देऊन मोकळं झाल्यावर सुनेशी पटलं नाही तर काय, हा आपल्याकडचा प्रश्न कुठल्याच कायद्यात नाही. मला स्वतःला हा मार्ग कर वाचवण्यासाठी घेणं पटत नाही.

घर मिळालं, आणि वारस पुण्यात आहे

मुलगी पुण्यात नोकरी करते आणि तिला वडिलांचं न्यू जर्सीचं किंवा स्लाऊचं घर मिळालं. परदेशात राहणाऱ्या माणसाकडून वारशाने मिळालेलं तिकडचं घर भारतात राहून ठेवायला परवानगी आहे. मिळाल्यावर इथे कर नाही. पण तिच्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा जो तक्ता असतो त्यात ते दाखवायलाच लागतं, भाडं येत असो नसो. नाही दाखवलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्या दंडातून मोकळीक दिलीये, पण ती बँक खाती, शेअर अशांना, घराला नाही.

विकताना अजून एक. वडिलांनी १ लाख डॉलरला घेतलेलं घर ते गेले त्या दिवशी ६ लाखांचं होतं आणि मुलीने लगेच ६ लाखांना विकलं, तर अमेरिका म्हणते नफा जवळपास शून्य, कारण तिथे मृत्यूच्या दिवसाचा भाव हीच खरेदी किंमत धरतात. भारत मात्र वडिलांनी दिलेली मूळ किंमत धरतो, म्हणजे इथे ५ लाख डॉलरचा भांडवली नफा. म्हणून घर विकायच्या आधी सीएकडे जायचं, आणि जाताना वडिलांचा मूळ खरेदीचा कागद आणि घरात केलेल्या मोठ्या कामांच्या पावत्या शोधून न्यायच्या, कारण इथल्या नफ्यातून जे काही वजा होणार ते त्यावरच.